कोइंब्राची दाद

आजोबा खोलीत येण्याआधी त्यांचं खाकरणं खोलीत येत असे. मिरजेच्या एसटी डेपोत आयुष्य काढलेला माणूस, हॉर्न दिल्याशिवाय वळायचं नाही ही सवय गळ्यातच मुरली, असं बाबा म्हणत. आई मात्र वेगळी हकीकत सांगायची. ती लग्न होऊन मिरजेच्या घरात आली तेव्हा अण्णा, म्हणजे तिचे सासरे आणि माझे आजोबा, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबत आणि खाकरत. नव्या सुनेला पदर सावरायला वेळ मिळावा, हा मूळ हेतू. सासऱ्याने सुनेशी गप्पा मारत बसायची त्या घरात रीत नव्हती, त्यामुळे हळूहळू सगळा कारभार त्या खाकरण्यावरच चालू लागला. एकच आखूड म्हणजे मी आलोय. भराभर तीन म्हणजे पाहुणे आलेत, कणीक वाढव. आणि एक आखूड, मग जरा थांबून एक लांब, शेवटाला वर चढवलेलं, म्हणजे चहा. आई म्हणे, पहिल्या वर्षात आम्ही दोघं धड चार वाक्यं बोललो नसू, पण चहा कधी चुकला नाही.

असे हे आजोबा डब्लिनच्या ओंगार या उपनगरात आमच्याकडे थोडे दिवस म्हणून आले आणि साथ आली तसे अडकून पडले. विमानं बंद झाली. एरवी आमच्या छपरावरून त्यांची ये-जा असायची, ती थांबल्यावर आभाळ इतकं गप्प झालं की शेजारच्या नोरीनच्या किटलीची शिट्टी आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायला लागली. सत्तरीपुढच्यांनी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही असा हुकूम निघाला, त्याला इथे कोकूनिंग म्हणत. आजोबांनी मला शब्दाचा अर्थ विचारला, मी रेशमाच्या किड्याची गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून ते मिरजेच्या मित्रांना फोनवर सांगत, "सध्या किडा हाय मी." बाबा वरच्या चिमुकल्या बॉक्सरूममध्ये दिवसभर "ऐकू येतंय का?" असं कॉम्प्युटरला विचारत बसलेले असत. मी सोळा वर्षांची. शाळा बंद. मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून निघायचं ते अस्सल डब्लिनचं इंग्रजी. आजोबांनी येताना मिरजेहून भडंगाचा एक मोठा डबा आणला होता, त्यावर त्यांनी ताबा ठेवला आणि नियम काढला: मराठीत मागितलं तर मूठभर, इंग्रजीत मागितलं तर वास. आज हे जे मराठी मी लिहिते आहे ते सगळं त्या भडंगावर पोसलेलं आहे. वाक्यात कुठे लसूण लागला तर वाचकाने सांभाळून घ्यावं.

घरात एकच माणूस रोज बाहेर जात होतं, ते म्हणजे आई. ती हॉस्पिटलात फार्मासिस्ट होती. संध्याकाळी परत आली की मागच्या दाराने आत शिरायची, कपडे सरळ वॉशिंग मशीनमध्ये टाकायची, अंघोळ करायची आणि मगच आमच्याकडे बघायची. त्या दिवसांत ती जी काय बघून येत होती ते तिने कधी सांगितलं नाही. त्याच्या बदल्यात तिने नियम केले, आणि पहिला नियम खाकरण्याचा होता. आजोबा उंबऱ्याशी आले, "अहं" म्हणाले, की आई थर्मामीटर घेऊन हजर. "अण्णा, प्लीज. मला धडकी भरते." आजोबांनी वाद घातला नाही. त्यांनी गळा आवरला. कोमट पाणी प्यायचे, छातीवर हात ठेवून आवंढा गिळायचे, आणि उंबऱ्याशी येऊन नुसते उभे राहायचे. आईची पाठ असली तर तिला पत्ताच लागत नसे. मग चहाची वेळ टळायची, आजोबा मुकाट्याने परत हॉलमध्ये जायचे. एका घरातली सगळ्यात जुनी बोलचाल बंद पडली होती आणि आम्ही सगळे त्याला काळजी घेणं म्हणत होतो.

गप्प बसायची सवय नसलेल्या माणसाला कुंपण सापडतं. आमच्या परसबागेच्या मागच्या लाकडी कुंपणापलीकडे दुआर्त नावाचे एक पोर्तुगीज गृहस्थ राहत. दातांचे डॉक्टर, आता निवृत्त, बायको गेल्यावर मुलीकडे राहायला आलेले. मुलगी इनेश एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. दुआर्तही किडाच होते. दोघं म्हातारे आपापल्या बाजूला स्टुलावर चढून कुंपणावर हनुवटी टेकवत आणि मोडक्या इंग्रजीत बोलत, अडलं की मला हाक मारत. दुआर्त मूळचे कोइंब्राचे. जुन्या विद्यापीठाचं गाव, टेकडीवर विद्यापीठ, खाली नदी. डॉक्टर आहेत आणि गातातही, हे कळल्यावर आजोबांनी त्यांना मिरजकरच ठरवलं. "आमच्याकडं डागदर आणि सतार, दोन्ही ढिगानं," ते मला म्हणाले. "सांग त्यास्नी." मी सांगितलं. इकडून भडंगाची पुडी आणि तिकडून संत्र्याचा केक, अशी देवाणघेवाण पानं ओढायच्या दाताळ्याला पिशवी अडकवून होत असे. पिशवी आली की आई तिला सॅनिटायझरने अंघोळ घाली, त्यामुळे केकला कायम हॉस्पिटलाची चव असायची. तरी आजोबा म्हणत, काय खमंग झालाय.

दुआर्तच्या बोलण्यात एक कवी सारखा यायचा. पोर्तुगालभर गाजलेला, शाळेच्या पुस्तकात धडा असलेला. त्याचं नाव दुआर्त कधी घेत नसत, नुसतं "कवी" म्हणत, घरातल्या मोठ्या भावाला दादा म्हणावं तसं. पुढे मी शोधलं तर ओळभर लांबीचं नाव निघालं. ते इथे लिहीत नाही, आमच्या कुंपणावर ते कधी चाललंच नव्हतं. हा कवी खेड्यातून कायदा शिकायला कोइंब्राला आला. टेकडीवर चढायला उभ्या पायऱ्या आहेत, तिथली माणसं त्यांना पाठमोड्या म्हणतात. त्या पायऱ्यांवरच्या एका घरात माळ्यावर त्याची खोली. वर्गात तो सहसा जात नसे. विद्यापीठाच्या मनोऱ्यावरच्या घंटेला पोरं शेळी म्हणत, कारण ती पहाटे बें बें करून उठवायची. कवीने मित्र जमवून त्या शेळीची जीभच पळवली, मग घंटा नाही म्हणून वर्ग नाहीत. परीक्षकांनी त्याला नापास केलं. एका मे महिन्यात तो गाव सोडून निघाला आणि जाताना खोलीच्या दारावर कोळशाने निरोपाची कविता लिहून गेला. नदीचा निरोप, पायऱ्यांचा निरोप, घरमालकिणीच्या मांजराचा निरोप, शेवटी परत येईन असा शब्द. तो परत आला नाही. घरमालकिणीने मात्र त्या दाराला कधी रंग लावू दिला नाही, आणि आता ते दार काचेमागे ठेवलंय. कुठे, तर ज्या विद्यापीठाने त्याला नापास केलं तिथेच. यावर आजोबा बराच वेळ हसत राहिले. "पोरगं नापास आणि दार पास," ते म्हणाले. हे मी दुआर्तना सांगितलं, तेव्हा ते स्टुलावरून पडता पडता वाचले.

मुद्दा पुढे होता. दर मे महिन्यात दुआर्त आणि त्यांचे कॉलेजातले मित्र, सगळे आता म्हातारे, काळे झगे पांघरून त्या पाठमोड्या पायऱ्यांवर जमत आणि ती निरोपाची कविता गात. शेवटचं कडवं दुआर्तचं. आयर्लंडला आल्यावरही ते दर वर्षी विमानाने जाऊन गाऊन येत. त्यांची अशी श्रद्धा होती की कवीने परत येण्याचा शब्द दिलाय, तो पाळला जाईपर्यंत त्याच्या वतीने कुणीतरी दर वर्षी निरोप घेत राहिलं पाहिजे. एक वर्ष जरी खंड पडला तरी तो कायमचा गेला आणि गावाचं आणि त्याचं नातं तुटलं. त्या वर्षी कोइंब्रात जमायला बंदी, मित्र आपापल्या घरात कोंडलेले, कुणाला दमा, कुणाला बायपास. गळा शाबूत असलेला आणि अंगण असलेला असा एकटा दुआर्त, तो ओंगारमध्ये. म्हणजे पोर्तुगालच्या एका थोर कवीचं त्याच्या गावाशी असलेलं नातं त्या मे महिन्यात आमच्या मागच्या कुंपणावर लटकलेलं होतं. मला तेव्हा हे भलतंच विनोदी वाटायचं. आता वाटत नाही, म्हणजे तितकंसं नाही.

त्यांनी एका रविवारी संध्याकाळी गायचं ठरवलं. मे महिन्यात इथे संध्याकाळी लख्ख उजेड असतो. दुआर्त काळा झगा खांद्यावर टाकून बागेतल्या शेडच्या पायरीवर उभे राहिले, इनेशने टॅबलेट धरला, त्यात चौकोनाचौकोनांत त्यांचे म्हातारे मित्र. आम्ही आमच्या बागेत, नोरीन तिच्या बागेत खुर्ची टाकून, पलीकडेही दोन-तीन कुटुंबं. दुआर्त गायले. दातांच्या डॉक्टरांचा आवाज असा असेल असं मला वाटलं नव्हतं, नदीवरून आल्यासारखा जाड आणि ओला होता. गाणं संपलं आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तेव्हा डॉक्टर-नर्सांसाठी टाळ्या वाजवून सगळ्यांचे हात तयारच होते. नोरीनने तर सवयीने पातेलं वाजवलं. आणि आजोबा मिरजेच्या नाट्यगृहात असल्यासारखे उठून उभे राहिले आणि ओरडले, "वन्स मोअर!"

दुआर्तचा चेहरा उतरला. टॅबलेटमधल्या एका म्हाताऱ्याने तोंडावर हात घेतला, दुसरा उठून चौकोनाबाहेर गेला. दुआर्तनी झग्याची घडी घातली, आम्हाला लवून नमस्कार केला आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी स्टूल रिकामं. तिसऱ्या दिवशीही. आजोबांनी दाताळ्याला भडंग अडकवून कुंपणापलीकडे लोंबकळत ठेवलं, ते तसंच परत आलं.

शेवटी इनेशनेच कुंपणापाशी येऊन सांगितलं. लिस्बनच्या गाण्याला टाळ्या वाजवतात. कोइंब्राच्या गाण्याला कधीच नाही. कोइंब्रात ऐकणारे खोकतात, गळा साफ केल्यासारखं हलकेच खाकरतात. तीच दाद. ती म्हणाली, पूर्वी पोरं मुलींच्या खिडकीखाली गात, टाळ्या वाजवल्या तर मुलीचा बाप जागा झाला असता, म्हणून. तिच्या वडिलांचं म्हणणं वेगळं होतं. कवी निघाला तेव्हा निरोप द्यायला आलेल्या मित्रांचे गळे भरून आले, कुणालाच बोलता येईना, सगळे नुसते गळा साफ करत राहिले, तेव्हापासून. "खोकला मिळाला नाही तर गाणं पोहोचलं नाही," ती म्हणाली. "बाबा म्हणतात, यंदाचा निरोप झालाच नाही. आणि परत गाणार नाही म्हणतात. आयर्लंडमध्ये यंदा खोकणार कोण?"

मी हे आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर हाय की. गळा दाटून आल्यावर माणूस टाळ्या वाजवतोय व्हय?" आणि थोड्या वेळाने, "निघालेल्या माणसाला वन्स मोअर म्हणालो मी. म्हणजे जा, परत एकदा जा. काय वाटलं असंल त्यास्नी." त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. पण त्याच वेळी त्यांच्या डोळ्यांत मी कित्येक आठवड्यांत न पाहिलेलं काहीतरी चमकलं. जगाच्या पाठीवर एक गाव असं होतं जिथे त्यांची घरात बंदी घातलेली कला ही दाद होती.

मग आमचा कट शिजला. दुआर्तना पुन्हा गायला लावायचं, महिना संपायच्या आत, आणि सगळ्यांनी खोकायचं. आजोबांनी स्टुलावर चढून इंग्रजीत माफी मागितली, ती मला अजून पाठ आहे: "डॉक्टर. माय मिस्टेक. मिरज मिस्टेक. प्लीज सिंग. नो वन्स मोअर, ओन्ली खॉक." भडंगाची पिशवी या खेपेला रिकामी परत आली. शेजाऱ्यांना सांगायचं काम माझ्याकडे. त्या दिवसांत सुपरमार्केटमध्ये कुणी शिंकलं तर अख्खी रांग पांगायची, आणि मी दारोदार उभी राहून सांगत होते की येत्या रविवारी कृपया खोका. नोरीनने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू बरी आहेस ना, पेट?" लाडाने ती सगळ्यांनाच पेट म्हणायची. मी सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "चर्चमध्ये प्रार्थनेच्या मधल्या शांततेत आम्ही जन्मभर खोकत आलोय, त्याचं कुणी कौतुक केलं नाही. युअर मॅनला, त्या दुआर्तला, हवं असेल तर ग्रँड. खोकते की."

तालीम घरात शक्य नव्हती. म्हणून आजोबा आणि मी दारात उभ्या असलेल्या गाडीत बसायचो, काचा वर करून, आणि खाकरायचो. आजोबांना तालमीची गरज नव्हतीच, ते महिनाभराचं साचलेलं मोकळं करत होते. मला ते शिकवत, "पोटातनं काढ. कोंबडीगत करू नको." दुसऱ्याच दिवशी ओंगारच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी काळजीने लिहिलं की वहिनी, तुमचे अण्णा गाडीत एकटे बसून फार खोकतायत, सगळं ठीक ना? आई कामावरून आली ती थेट गाडीपाशी, अंघोळही न करता, हातात थर्मामीटर.

आम्ही सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही. "तुम्हाला गंमत सुचतेय," ती म्हणाली. "मी दिवसभर हाच आवाज ऐकते, अण्णा. दिवसभर. घरी आल्यावर हा आवाज नाही, एवढ्यावर मी उभी आहे." आजोबा मान खाली घालून म्हणाले, "बरं बाई. ऱ्हायलं." आणि गाडीतून उतरून आत गेले. मी तिला इंग्रजीत काहीतरी तोडून बोलले, ते इथे देण्यासारखं नाही आणि भडंग मिळण्यासारखं तर नाहीच.

महिन्यातला शेवटचा रविवार आला. दुपारी इनेशचा मेसेज आला: बाबांनी झगा इस्त्रीला काढलाय. संध्याकाळी दुआर्त शेडच्या पायरीवर उभे. टॅबलेटमध्ये म्हातारे. या वेळी बागांमध्ये गर्दी जास्त, कारण मी गावभर सांगितलं होतं. आजोबा कुंपणापाशी खुर्चीवर, हात मांडीवर. आईची रविवारची ड्यूटी होती, ती गाणं सुरू झाल्यावर आली आणि मागच्या दाराशीच युनिफॉर्ममध्ये उभी राहिली, आत जायचं विसरून. दुआर्त नदीचा निरोप घेत होते, मग पायऱ्यांचा, मग मांजराचा. भाषा आमच्यातल्या कुणालाच येत नव्हती, पण कुठे काय चाललंय ते सगळ्यांना कळत होतं. त्या वर्षी प्रत्येकाचं कुणीतरी लांब होतं. शेवटचं कडवं त्यांनी फार हळू म्हटलं आणि थांबले.

आणि कुणीही खोकलं नाही. मी तोंड उघडलं, गळा कोरडा ठणठणीत. नोरीन माझ्याकडे बघतेय, मी आजोबांकडे. प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत होता. इतक्या आठवड्यांचं भय एका निरोपाने कसं जाणार? आजोबांचा गळा वरखाली होताना मला दिसत होता, त्यांनी छातीवर हात ठेवला होता आणि आवंढा गिळत होते. ते सुनेकडे बघत होते. शब्द दिला होता त्यांनी. पायरीवर दुआर्त तसेच उभे, आणि त्यांचा चेहरा परत उतरायला लागला होता.

मागच्या दारातून आवाज आला. एक आखूड. मग जरा थांबून एक लांब, शेवटाला वर चढवलेला.

आई होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती सरळ दुआर्तकडे बघत होती. आजोबा झटकन वळले. मग त्यांनी छातीवरचा हात काढला आणि असं काही खाकरले की कुंपणाची फळी हलली असेल. मागोमाग नोरीन, चर्चच्या जन्मभराच्या सरावाने. मग मी, कोंबडीगत. मग बॉक्सरूमच्या खिडकीतून बाबा, मग सगळ्या बागा, मग टॅबलेटमधून कोइंब्रातले म्हातारे, एकामागून एक. बाहेरच्या पायवाटेने कुत्रा घेऊन चाललेला एक माणूस हे ऐकून कुत्र्यासकट पळत सुटला. दुआर्तनी झग्याचं टोक डोळ्यांना लावलं. निरोप पोहोचला होता. कवी आणखी एक वर्ष कोइंब्राचा राहिला होता.

त्या गोंधळात आजोबा माझ्या कानाशी वाकले. "चहा मागालीय ती," ते म्हणाले, आणि आत गेले. या माणसाने जन्मात गॅस पेटवला नव्हता. स्वयंपाकघरातून एकेक कपाट उघडल्याचे आणि आपटल्याचे आवाज येत होते, साखर सापडत नव्हती, चमचा पडला, काहीतरी उतू गेलं. मी मदतीला निघाले तर आईने मला दंडाला धरून थांबवलं. बऱ्याच वेळाने आजोबा मागच्या दाराशी आले, दोन्ही हातांत एक कप, बशीत अर्धा चहा सांडलेला. आईची त्यांच्याकडे पाठ होती. ते उंबऱ्याशी थांबले आणि एकदाच, आखूड, खाकरले. युनिफॉर्मला पदर नसतो, तरी आईचा हात खांद्याकडे गेला.